एका पेटीत दोन तापमाने: चवथीच्या मोदकांच्या हवाई निर्यातीचे एक प्रकरण

गेल्या चवथीच्या चार दिवस आधी गोव्याहून दुबईला निघालेल्या ३० पेट्यांचे हे प्रकरण आहे. प्रत्येक पेटीत गोठवलेले उकडीचे मोदक, गोठवलेल्या पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेला तांदळाच्या पिठीचा गोड पदार्थ) आणि हळदीच्या ताज्या पानांची एक जुडी होती. माल डिचोली तालुक्यातल्या एका लहान कारखान्याचा होता. तो एक ताई आणि त्यांच्या हाताखालच्या बारा-तेरा बाया चालवतात. दुबईतला आयातदार मूळचा आपल्याकडचाच किराणा दुकानदार आहे. कागदपत्रे, विमानातली जागा आणि विमानतळावरच्या कार्गो शेडपर्यंतची वाहतूक ही जबाबदारी आमच्या कचेरीची होती.

माल ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा पोहोचला. ३० पैकी २३ पेट्यांतले मोदक आयातदाराने विक्रीतून बाजूला काढले, आणि हळदीची पाने तर तीसही पेट्यांत काळी पडलेली निघाली. विमान चुकले म्हणून माल गेला, हे कारण सगळ्यांनी लगेच मान्य केले, कारण ते सगळ्यांच्या सोयीचे होते. नंतर लॉगरचा, म्हणजे पेटीत ठेवलेल्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख आणि पेटीची मापे समोर ठेवून मी हिशेब केला, तेव्हा लक्षात आले की विमान वेळेवर मिळाले असते तरी पाने वाचली नसती, आणि मोदकही जेमतेम कडेवर राहिले असते. तो हिशेब इथे मांडत आहे. त्यात आमच्या कचेरीची चूक आहे, तीही जशीच्या तशी लिहीत आहे.

मोदक गोठवायचेच का

ताईंचा पहिला विचार मोदक गोठवण्याऐवजी नुसते थंड ठेवून पाठवण्याचा होता. गोठवलेल्या मालाला ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो, ड्राय आइस धोकादायक मालात मोडतो आणि त्याची कागदपत्रे वाढतात, हे त्यांनी ऐकले होते. अधिक २ ते अधिक ८ अंशांत जेल पॅक घालून पाठवले तर काम सोपे होईल, असे त्यांना वाटत होते. ही सोपी वाट उकडीच्या मोदकाला चालत नाही. शिजलेल्या तांदळाच्या पिठीतला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि ही क्रिया शून्याच्या जरा वरच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी शिताशिताने कडक झालेला असतो, तो याचमुळे. मोदकाची पारी अशी कडक झाली की कळ्या बुडाशी चिरतात आणि सारण दिसू लागते. पुन्हा उकडल्यावर ती थोडी मऊ होते, पण चिरलेली कळी जुळत नाही. उणे १८ अंशांच्या खाली मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून उकडीचा मोदक एक तर त्याच दिवशी खावा, नाही तर झटपट गोठवून गोठलेलाच ठेवावा. मधल्या तापमानात तो रेंगाळता कामा नये.

सारणाची गोष्ट आणखी वेगळी आहे. गुळामुळे सारणाचा गोठणबिंदू पारीपेक्षा खाली जातो. माल तापू लागला की पारी अजून टणक लागत असतानाच आतले सारण पाघळायला लागते. पेटी उघडून वरून मोदक दाबून पाहणाऱ्याला तो गोठलेला वाटतो, आणि आत गुळाचे पाणी सुटलेले असते. पुढे दुबईत नेमके हेच झाले.

पानांची जुडी

गोठवलेल्या मोदकांच्या पेटीत ताजी पाने कुठून आली, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. मागणी आयातदाराची होती. तिकडच्या बायकांना तयार पातोळ्या हव्या होत्या, पण चवथीला आपल्या हाताने थोड्या तरी कराव्यात म्हणून हळदीची पानेही हवी होती. त्या हवामानात ती मिळणे कठीण. दुकानदाराने मग "चवथ संच" अशी कल्पना काढली: २१ मोदकांचे पुडे, पातोळ्यांचे पुडे आणि पानांची जुडी, सगळे एका पेटीत. पेटी घ्यायची आणि घरी न्यायची. कल्पना चांगली होती, आणि आम्हालाही ती आवडली, कारण एकच माल, एकच एअर वे बिल (विमानाने जाणाऱ्या मालाचा वाहतुकीचा कागद) आणि एकच शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) एवढ्यावर काम भागणार होते. पानांसाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र घेतले, पुड्यांवर अरबी मजकुराची लेबले लावली, आणि कागदांच्या बाजूने सगळे जुळले असे आम्ही समजलो.

पेटी भरण्याची रचना ताईंनी स्वतः ठरवली. वर ड्राय आइस, मध्ये मोदक आणि पातोळ्या, त्याखाली जाड पुठ्ठा, आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाने. घरच्या फ्रीजमध्ये वर बर्फाचा कप्पा आणि खाली भाजीचा खण असतो, तशी ही मांडणी होती. ती पाहून मलाही काही खटकले नाही, आणि खटकायला हवे होते. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाचा कप्पा आणि भाजीचा खण यांच्यामध्ये हवेची वाट मोजून ठेवलेली असते. बंद पेटीत तसे काही नसते. ड्राय आइसचे तापमान उणे ७८.५ अंश असते. तो वितळत नाही, सरळ वायू होतो, आणि तो थंडगार कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे पुड्यांच्या फटींतून तळाशी उतरून साचतो. म्हणजे आम्ही पाने ठेवली होती ती जागा पेटीतल्या सर्वांत थंड जागांपैकी एक होती. पान गोठले की पेशींतल्या पाण्याचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात. तो बर्फ वितळला की पान पालकासारखे लिबलिबीत होते आणि काळवंडते. पुठ्ठ्याच्या एका थराने यात काही फरक पडला नाही.

तळाच्या पुठ्ठ्याखाली एक लॉगर होता. पेटी बंद केल्यापासून तीन तासांच्या आत त्याची नोंद शून्याखाली गेली होती. त्या वेळी माल अजून कार्गो शेडमध्ये स्वीकारलाही गेला नव्हता.

स्वीकृतीच्या टेबलावर

गोव्यातून आखाताकडे माल न्यायच्या आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक तर गोव्यातून थेट जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या पोटातून, नाही तर रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाडीने मुंबईला नेऊन तिथून. मुंबई सुमारे ६०० किलोमीटर आहे, आणि चवथीच्या आधीच्या दिवसांत महामार्गावर चाकरमान्यांची गर्दी आणि अवजड वाहनांवरचे निर्बंध दोन्ही असतात. म्हणून आम्ही थेट विमान निवडले. उड्डाण साडेतीन तासांचे, रात्री ९ चे. सकाळी ११ ला पेट्या बंद करायच्या, दुपारी १ पर्यंत शेडमध्ये पोहोचवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे सोडवून घ्यायच्या, असे ठरले होते.

शेडमध्ये ड्राय आइसचा माल स्वीकारताना तपासणीची एक यादी असते, आणि तिच्यातली एक ओळ जरी अडली तरी माल घेत नाहीत. ड्राय आइसला यूएन १८४५ हा क्रमांक आहे आणि तो धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येतो. पेटीवर त्या वर्गाचे लेबल हवे, आत नेमका किती किलो ड्राय आइस आहे ते लिहिलेले हवे, एअर वे बिलावर पेट्यांची संख्या आणि प्रत्येकीतले वजन हवे, आणि पेटीतून वायू बाहेर पडायला वाट हवी. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. घट्ट बंद पेटीत वायू साचला तर पेटी फुटते, आणि विमानाच्या पोटात साचलेला कार्बन डायऑक्साइड हा जिवाचा प्रश्न होऊ शकतो.

आमच्या पेट्यांवर ४ किलो लिहिले होते. तपासनिसाने तीन पेट्या काट्यावर ठेवल्या. दोन बरोबर निघाल्या, तिसरी दीड किलोने जास्त. पुढे आणखी काही पेट्या तोलल्या तेव्हा अशा आठ निघाल्या. त्याशिवाय सगळ्या पेट्यांच्या झाकणांच्या चारही कडा तपकिरी चिकटपट्टीने दोन-दोन वेढे देऊन बंद केल्या होत्या. मी कारखान्यात फोन केला. पेट्या भरणाऱ्या मुलीने सरळ सांगितले, "भाऊ, शेवटी थोडा ड्राय आइस उरला होता. तो तसाच उडून फुकट जायचा, म्हणून वरच्या पेट्यांत घातला. आणि थंडी बाहेर जाऊ नये म्हणून पट्टी जास्त लावली."

तिने केले त्यात आळस नव्हता, हयगयही नव्हती. माल थंड राहावा एवढीच तिची इच्छा होती. वायूला वाट लागते आणि लिहिलेला आकडा म्हणजे वचन असते, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. ताईंना ते सांगणे माझे काम होते. मी त्यांना दर पेटीत ४ किलो एवढाच आकडा दिला होता, त्यामागचे कारण दिले नव्हते.

पट्ट्या कापून, आठ पेट्या उघडून, जादा ड्राय आइस काढून पुन्हा तोलेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. त्या विमानाची माल स्वीकारण्याची वेळ केव्हाच उलटली होती. माल दुसऱ्या रात्रीच्या विमानावर टाकला आणि शेडच्या कोल्ड रूममध्ये ठेवला.

"कोल्ड रूममध्ये ठेवला आहे"

हे वाक्य त्या रात्री मी ताईंना फोनवर सांगितले, आणि त्यांनी ते दुबईला सांगितले. तिघांनीही सुटकेचा श्वास सोडला. त्या शब्दाचा अर्थ मात्र तिघांच्या मनात वेगळा होता. ताईंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या कारखान्यातली उणे २० अंशांची खोली होती. शेडची कोल्ड रूम अधिक २ ते अधिक ८ अंशांची होती. भाजी, फुले, काही औषधे यांच्यासाठी ती योग्य असते. गोठवलेल्या मालाला ती फक्त बाहेरच्या उन्हापेक्षा बरी असते, एवढेच.

आता आमची चूक. एअर वे बिलावर माल कसा हाताळायचा ते सांगणारे तीन अक्षरी संकेत असतात. नाशवंत मालाला पीईआर, थंड ठेवायच्या मालाला सीओएल, गोठवलेल्याला एफआरओ, ड्राय आइसला आईसीई. पेटीत मोदकही होते आणि पानेही. आमच्या कचेरीत बिल तयार करताना पानांसाठी वनस्पती प्रमाणपत्र जोडलेले होते, म्हणून सीओएल लिहिला गेला आणि एफआरओ राहून गेला. शेडच्या माणसांनी कागद वाचला आणि कागदात लिहिले होते तेच केले. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

यावर बराच विचार केल्यावर मला असे दिसते की ही चूक केवळ लिहिणाऱ्याच्या नजरचुकीची नव्हती. एफआरओ लिहिला असता तर तो पानांच्या बाबतीत खोटा ठरला असता, आणि दोन्ही लिहिले असते तर शेडच्या माणसाने पेटी नेमकी कुठे ठेवायची? एका पेटीत दोन तापमाने भरली की तिच्यावर खरे लेबल लावताच येत नाही. चूक कागदावर दिसली, पण ती पेटीत आधीच झालेली होती.

त्या रात्री एक मार्ग उरला होता. माल परवानगी घेऊन शेडबाहेर काढायचा, उणे १८ अंशांच्या गोदामात रात्रभर ठेवायचा आणि सकाळी ताजा ड्राय आइस घालून परत आणायचा. गोव्यात असे गोदाम शोधायला लांब जावे लागत नाही. मासळी निर्यातीमुळे उणे १८ आणि त्याहून थंड गोदामे इथे आहेत. मी तसे सुचवले. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "भाऊ, हा बाप्पाचा नैवेद्य आहे. मासळीच्या गोदामात नको." मी आग्रह केला नाही, आणि आजही तो केला नाही याचे मला वाईट वाटत नाही. पुडे सीलबंद होते, वास लागला नसता, हे खरे. पण ज्यांच्या घरी ते मोदक जाणार होते त्यांनी विचारले असते, तर ताईंना खोटे बोलावे लागले असते. मला वाईट वाटते ते याचे की आइस्क्रीमच्या वितरकांकडेही उणे २० अंशांची गोदामे असतात, हे मला त्या रात्री आठवले नाही. ते तिसऱ्या दिवशी आठवले.

पेटीचा हिशेब

पेटी बाहेरून ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटर, थर्माकोलची भिंत ३ सेंटिमीटर जाड. भिंतींचे एकूण क्षेत्रफळ साधारण १.१ चौरस मीटर भरते. थर्माकोलमधून उष्णता शिरण्याचा वेग ठाऊक आहे, त्यावरून आत उणे २० आणि बाहेर ३० अंश असताना या पेटीत दर तासाला सुमारे २३५ किलोज्यूल उष्णता शिरते. एक किलो ड्राय आइस वायू होताना सुमारे ५७१ किलोज्यूल शोषतो. म्हणजे बाहेरच्या हवेत दर तासाला सुमारे ४०० ग्रॅम ड्राय आइस संपतो, आणि ४ किलो दहा तासांत. शेडच्या कोल्ड रूममध्ये हा वेग साधारण निम्म्यावर येतो.

सकाळी ११ ला पेटी बंद केली तर रात्री ९ ला, म्हणजे ठरलेले विमान उडतानाच, उघड्या हवेतल्या पेटीतला ड्राय आइस संपत आलेला असता. पुढचा सगळा प्रवास आणि दुबईतली रात्र मोदकांनी स्वतःच्या गोठलेपणावर काढायची होती. हे मी आधी मोजले नव्हते. माझ्या डोक्यात साडेतीन तासांचे उड्डाण होते, आणि साडेतीन तासांना ४ किलो भरपूर वाटत होते. खरा प्रवास उड्डाणाचा नव्हताच. पेटीच्या दृष्टीने तो झाकण बंद झाल्यापासून समोरच्या फ्रीझरचे दार उघडेपर्यंतचा असतो. काहीही न चुकता तो बावीस-तेवीस तासांचा होता, आणि चुकल्यावर जवळजवळ दुप्पट झाला.

प्रत्यक्षात बाहेरच्या हवेतल्या आठ तासांत सव्वातीन किलो गेला. उरलेला कोल्ड रूममध्ये मध्यरात्रीच्या आधीच संपला. एका कोपऱ्याच्या पेटीतला दुसरा लॉगर मोदकांच्या मधोमध होता. त्याची रेषा पहाटेपर्यंत उणे १८ वरून भराभर चढत आली, आणि उणे ३ अंशांजवळ येऊन आडवी झाली. ती आडवी रेषा म्हणजे बर्फ वितळत होता. तापमान वाढत नाही म्हणून ती रेषा दिलासा देते, पण गोठलेल्या मालाचे सर्वांत मोठे नुकसान नेमके त्याच काळात होते: सारण पाघळते, पारी कडक होते. दुसऱ्या रात्री शेडमधून विमानापर्यंत ट्रॉली गेली, तेव्हा रेषेने पुन्हा डोके वर काढले. बोईंग ७३७ सारख्या विमानाच्या पोटात कंटेनर बसत नाही. पेट्या एकेक करून हाताने आत लावतात, आणि प्रवाशांच्या बॅगा चढेपर्यंत माल विमानाशेजारी उभा असतो. त्या रात्री तो एक तास दहा मिनिटे उभा होता.

ज्या सात पेट्यांतले मोदक वाचले त्या थराच्या मधल्या आणि खालच्या होत्या. त्यांच्या चारही अंगांना दुसऱ्या थंड पेट्या होत्या, म्हणून बाहेरची हवा लागणारी भिंत कमी. कोपऱ्यावरची एकही वाचली नाही.

आयातदाराने तिकडून फोटो पाठवले. एका फोटोत पुडा उजेडाकडे धरला होता. पिशवीच्या आतल्या बाजूला बारीक बर्फाची भुकटी जमली होती आणि तळाशी तपकिरी पाण्याची एक रेघ होती. ती भुकटी म्हणजे माल एकदा सुटून पुन्हा गोठल्याची खूण, कारण तिकडे पोहोचताच त्यांनी पेट्या फ्रीझरमध्ये ढकलल्या होत्या. हे पुडे पुन्हा गोठवून विकावेत का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. ओल्या नारळाचे सारण किती तास कोणत्या तापमानात होते हे लॉगर नसलेल्या पेट्यांबद्दल कोणालाच सांगता येत नव्हते, आणि जे सांगता येत नाही ते नैवेद्याला द्यायचे नाही, यावर तिघांचेही एकमत झाले. त्या घरांनी चवथ साजरी केली ती नेवऱ्यांवर (करंज्यांवर).

दावा

नुकसान भरून मिळेल का, हा प्रश्न साहजिकच आला. भारत आणि संयुक्त अरब अमिराती दोघेही १९९९ च्या माँट्रियल करारात आहेत. त्यानुसार मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत करावी लागते, आणि विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून दर किलोला २६ एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) मर्यादित आहे. मात्र सदोष पॅकिंगमुळे झालेल्या नुकसानीला कंपनी बांधील नसते. आमच्या पॅकिंगची कहाणी स्वीकृतीच्या टेबलावर लिहून ठेवलेली होती, तिथे वाद घालण्यासारखे काही नव्हते. मालविम्याचीही तीच गत, कारण प्रमाण कलमांत विलंबाने झालेले नुकसान वगळलेले असते. नुकसान ताई, आयातदार आणि आमची कचेरी यांनी आपसांत वाटून घेतले. कागदावरचा संकेत आमचा होता, म्हणून आमचा वाटा मोठा असावा असे मीच म्हटले.

माघी जयंतीची खेप

पाच महिन्यांनी माघी गणेश जयंतीला ताईंनी पुन्हा मोदक पाठवायचे ठरवले. त्यांनी धीर सोडला नाही याचे मला मोठे अप्रूप वाटते.

या वेळी भिंत ५ सेंटिमीटरची घेतली. बाहेरचे माप तेच ठेवले, त्यामुळे घनफळावरून निघणारे वजन बदलले नाही. लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ६००० ने भागले की ते १६ किलो येते. आतली जागा मात्र ६२ लिटरवरून ४५ लिटरवर आली. पेटीत १२ ऐवजी ९ किलो माल बसला आणि दर किलोचे भाडे वाढले. ताईंना हे पचायला जड गेले. पण शिरणारी उष्णता जवळजवळ निम्मी झाली, तासाला सव्वादोनशे ग्रॅम ड्राय आइस पुरू लागला, आणि ७ किलोत सुमारे तीस तास निघाले. एक दिवसाचा उशीर एवढ्यातही पूर्ण झाकला जात नाही. त्यासाठी आइस्क्रीमच्या वितरकाकडे एक रात्र जागा मिळेल असे आधीच बोलून ठेवले.

३० पेट्यांचा २१० किलो ड्राय आइस एका विमानात घ्यायला कंपनीने नकार दिला. एका पेटीत नियमाने २०० किलोपर्यंत ड्राय आइस चालतो, पण एका विमानात एकूण किती चालेल ते विमानाचा प्रकार आणि त्याच्या पोटातली हवा कशी खेळते यावर कंपनी ठरवते; आणि त्या पोटात प्रवाशाचा कुत्रा किंवा मांजर असेल तर हिशेब आणखी बदलतो. आम्ही माल दोन दिवसांत १५-१५ पेट्या असा विभागला. मिठाच्या पाण्याच्या, उणे २१ अंशांवर गोठणाऱ्या पट्ट्यांचाही विचार केला होता. त्या धोकादायक मालात येत नाहीत, पण तेवढ्याच थंडीला ड्राय आइसच्या दुप्पटीहून जास्त वजन लागते, म्हणून तो बेत सोडला.

पट्टी झाकणाच्या फक्त दोन बाजूंना, मध्यभागी. उरलेला ड्राय आइस पेटीत घालायचा नाही, अंगणात मोकळा सोडायचा. पेट्या भरणाऱ्या त्याच मुलीला मी शेडमध्ये नेऊन तपासणीचे टेबल दाखवले. आता पेट्या तोलण्याचे काम तिच्याकडे आहे, आणि ती प्रत्येक आकडा दोनदा वाचते. लॉगर सहा ठेवले, त्यांपैकी चार कोपऱ्यांच्या पेट्यांत. त्यांतही लिथियमची बॅटरी असते, म्हणून कंपनीला चालणारे लॉगर कोणते ते आधी विचारून घेतले. बिलावर पीईआर, एफआरओ आणि आईसीई, आणि खाली एक साधे वाक्य: अधिक २ ते ८ च्या खोलीत ठेवू नये.

सर्वांत वाईट नोंद कोपऱ्याच्या एका पेटीची होती, उणे १४ अंश, विमानाशेजारच्या उभ्या वेळेतली. गोठवलेल्या मालाच्या उणे १८ च्या मर्यादेपेक्षा ती चार अंश वर आहे, आणि मला अजून ती सलते. ट्रॉलीवर टाकायला चकाकत्या अस्तराची चादर मागवली आहे, पण ती शेडमध्ये नेऊ देतील का याचे उत्तर अजून आलेले नाही.

हळदीची पाने या खेपेत नव्हती. माघ महिन्यात हळदीचे रोप सुकलेले असते, तेव्हा तो प्रश्न चवथीपर्यंत पुढे गेला. पातोळीभोवतीचे पान मात्र चवथीच्या खेपेतही काळे पडले नव्हते, कारण ते उकडलेले असते. त्याच्या पेशी आधीच मऊ झालेल्या, गोठण्याने त्यांचे नवीन काही बिघडत नाही. ते पाहून ताई म्हणाल्या की पान कच्चे कशाला पाठवायचे, पातोळ्याच पाठवू. आयातदाराने विनंती केली की पाने हवीतच, घरातल्या म्हाताऱ्या बायका त्यांचीच वाट पाहतात. तेव्हा येत्या चवथीला पाने वेगळ्या एअर वे बिलावर जातील, ओलसर कागदात गुंडाळून, छिद्रांच्या पिशवीत, बर्फाशिवाय. ताईंच्या स्वयंपाकघरात अशी एक जुडी ओल्या फडक्यात तीन दिवस ठेवून पाहिली. तिसऱ्या दिवशी कडा थोड्या पिवळ्या झाल्या होत्या, पण पान दुमडल्यावर मोडले नाही आणि वास तसाच होता.